चुना, आसव आणि कॅल्शियमची गोळी

तुमचे प्रश्न, फार्मासिस्टची उत्तरं

पंचवटीत मालेगाव स्टँडपासून जवळच माझं मेडिकल आहे. २६ वर्षं झाली मी त्याच काउंटरमागे उभी आहे. मागच्या अंकात मी विचारलं होतं, अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना तुम्ही आणखी काय काय घेता ते कळवा. पत्रं भरपूर आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. कुणाचंही नाव छापलेलं नाही.

पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोक औषधांची नावं नीट लिहितात, स्ट्रिप समोर धरून मिलीग्रॅमसकट लिहितात. पण ज्याला ते औषध मानत नाहीत ते लिहायचं राहून जातं, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच असतो. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करा असं मी पत्रावरून सांगणार नाही. कुठली गोष्ट त्यांच्या कानावर घालायची, एवढं मात्र नक्की सांगेन.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. लघवीला जळजळ आणि ताप आला म्हणून तपासणी केली, इन्फेक्शन निघालं. डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन ५०० सात दिवस दिली. चार दिवस झाले, काहीच उतार नाही. त्यांना शुगरसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, कॅल्शियम आणि ॲसिडिटीचं पातळ औषध चालू आहे. एकही गोळी चुकू नये म्हणून मी सगळं सकाळी नाश्त्यानंतर एकदमच देते. डॉक्टर आता इंजेक्शनं द्यावी लागतील म्हणतात. आमचं काही चुकतंय का? (इंदिरानगर)

उत्तर : ताई, पत्रात तुमचा नंबर होता म्हणून मी लगेच फोन केला. आपलं बोलणं इतरांच्या उपयोगाचं आहे, म्हणून तुमच्या परवानगीने इथे देते.

तुम्ही एकदम देता ती काळजीपोटी, हे मला पहिल्या ओळीतच कळलं. पण नेमकं तेच नडतंय. लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही सगळी एका घराण्यातली औषधं. यांच्या रेणूला धातूचं वेड आहे. कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांतलं काहीही पोटात भेटलं की दोघं एकमेकांना घट्ट धरतात. ती जोडी आतड्यातून रक्तात उतरत नाही, शौचावाटे निघून जाते. सासूबाईंनी चार दिवस गोळी गिळली खरी, पण तिच्यातला बराचसा भाग रक्तापर्यंत पोचलाच नसेल. ॲसिडिटीच्या पातळ औषधात तर बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात.

फोनवर मी विचारलं, "आणखी काय घेतात?" तुम्ही म्हणालात, "काही नाही हो, पानसुद्धा खात नाहीत." मग मागून सासूबाईंचाच आवाज आला, "ताकातला चुना सांग की." गुडघ्यांसाठी कुणीतरी सांगितलं म्हणून त्या दोन वर्षं रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकात कालवून पितात. आणि कधी, तर नाश्त्याबरोबरच. खायचा चुना म्हणजे कॅल्शियमच. "त्याला कुठे औषध म्हणतात?" असं त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांपुढे तो विषय निघाला नाही यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आता वेळापत्रक. लिव्होफ्लॉक्सासिन सकाळी उठल्यावर भरपूर पाण्याबरोबर. कॅल्शियम, ॲसिडिटीचं औषध, चुना, जस्ताची गोळी, यांतलं काहीही त्याच्या आधी किंवा नंतर किमान दोन तास नको. सिप्रो असेल तर नियम आणखी कडक आहे: सिप्रो या गोष्टींच्या दोन तास आधी, किंवा सहा तास नंतर. सिप्रो नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबरही घेऊ नये. मला विचाराल तर इतके तास मोजत बसण्यापेक्षा कोर्स संपेपर्यंत कॅल्शियम आणि चुना बाजूला ठेवायला डॉक्टरांची परवानगी घ्या. सात दिवस कॅल्शियम नाही घेतलं म्हणून हाडं ठिसूळ होत नाहीत. वैद्यांची औषधं चालू असतील तर तीही बघा. शंखभस्म म्हणजे कॅल्शियम, मंडूरभस्म म्हणजे लोह.

हाच नियम डॉक्सीसायक्लिनच्या घराण्यालाही लागू पडतो. तिथे लोहाची गोळी जास्त त्रास देते. गरोदरपणानंतर रक्तवाढीच्या गोळ्या वर्षभर चालू ठेवणाऱ्या कितीतरी बायका असतात, आणि त्वचेसाठी किंवा तापासाठी डॉक्सी लिहून दिली की ती गोळी त्या सांगत नाहीत. डॉक्सीचं आणखी एक: घोटभर पाण्यावर गिळून लगेच आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते. पेलाभर पाणी आणि अर्धा तास बसून राहणं.

दुसरी गोष्ट मी फोनवर घाईने सांगितली, ती इथे नीट लिहिते, कारण मला तिचीच जास्त काळजी वाटली. आता गोळी नीट रक्तात उतरायला लागेल, तेव्हा सासूबाईंची शुगर खाली येऊ शकते. लिव्होफ्लॉक्सासिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र आले की, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. तापामुळे जेवण कमी झालेलं असतं, त्यात ही भर. घाम, हात थरथरणं, एकदम भूक लागणं, भलतंसलतं बोलणं यांतलं काही दिसलं तर ग्लुकोमीटर असेल तर बघा, नसेल तर वाट बघू नका, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा आणि डॉक्टरांना फोन करा. माणूस गुंगीत असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. आणि टाचेच्या वरची शीर दुखायला लागली तर "वयामुळे" म्हणून सोडून देऊ नका. साठीच्या पुढच्या माणसांत, त्यातून स्टिरॉइड चालू असेल तर, या औषधांनी ती शीर सुजते, क्वचित तुटतेही. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. एवढ्या एका बाबतीत मी "थांबवा" म्हणते.

डॉक्टरांना चुन्याचं आणि एकत्र गोळ्यांचं सगळं सांगा. इंजेक्शन द्यायचं की याच गोळीला नीट संधी द्यायची, हे त्यांना त्यावरून ठरवता येईल.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. ॲटोर्वास्टॅटिन ४०, ॲम्लोडिपिन आणि रक्त पातळ करायची गोळी चालू. आता छातीत कफ झाला म्हणून गावातल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दिवसातून दोनदा दिलंय. अमेरिकेतल्या भाच्याने सांगितलं की अशा गोळ्यांवर ग्रेप्स चालत नाहीत. आमची स्वतःची बाग आहे, तोडणी चालू आहे, आणि वडिलांना द्राक्षांशिवाय करमत नाही. किती दिवस बंद ठेवू? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : दादा, द्राक्षं खुशाल खाऊ द्या. भाच्याने सांगितलं असणार ग्रेपफ्रूटबद्दल. ते वेगळं फळ आहे, आपल्या पपनसाच्या जातीचं, संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं. नाव सारखं वाटतं म्हणून नाशिक जिल्ह्यातले कितीतरी हृदयरोगी उगाच द्राक्षं सोडून बसले आहेत. माझ्या काउंटरवर दर हंगामात हा प्रश्न येतो. ग्रेपफ्रूटचा दोष कळला तोही योगायोगाने. कॅनडातल्या डेव्हिड बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळली, आणि गोळीचं रक्तातलं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेलं. दोष रसाचा निघाला. १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या रसातली द्रव्यं आतड्यातलं एक एन्झाइम बंद पाडतात. हे एन्झाइम अनेक गोळ्यांची विल्हेवाट लावत असतं. ते बंद पडलं की गोळी रक्तात साठते. पपनसातही तशी द्रव्यं असतात, म्हणून वडिलांना पपनस मात्र देऊ नका.

पण तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट फळाची नाही, ती तिसऱ्या ओळीत आहे. क्लॅरिथ्रोमायसिन तेच एन्झाइम बंद पाडतं, आणि ग्रेपफ्रूटपेक्षा कितीतरी जोरात. वडिलांची कोलेस्टेरॉलची गोळी, ॲटोर्वास्टॅटिन, याच एन्झाइमवर अवलंबून आहे. दोन्ही एकत्र असताना ॲटोर्वास्टॅटिन दिवसाला २० मिलीग्रॅमच्या वर जाऊ नये, असं औषधाच्या माहितीपत्रकातच आहे, आणि वडील ४० घेतात. सिमवास्टॅटिन असती तर ती क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर पूर्ण वर्ज्य. होतं काय, तर स्नायू झिजायला लागतात. मांड्या, पोटऱ्या, दंड दुखतात, जिना चढवत नाही, आणि वाढलंच तर लघवी काळपट चहासारखी होते. तो झिजलेल्या स्नायूंचा माल मूत्रपिंडावर जाऊन बसतो. बीपीची ॲम्लोडिपिनही थोडी साठते, त्यामुळे उठताना चक्कर येऊ शकते.

आज संध्याकाळपर्यंत गावातल्या डॉक्टरांना हृदयाची फाइल दाखवा. बहुतेक ते कोर्सच्या दिवसांपुरती कोलेस्टेरॉलची गोळी थांबवतील, किंवा अँटिबायोटिक बदलतील. ॲझिथ्रोमायसिन त्याच कुळातलं असूनही या एन्झाइमला फारसं छेडत नाही. निर्णय त्यांचा. मला खटकलं ते एवढंच की हृदयाचे डॉक्टर नाशकात, कफाचे डॉक्टर पिंपळगावात, आणि एकाचा कागद दुसऱ्याने पाहिलेला नाही. फाइल घरातल्या लोखंडी कपाटात असते. तिचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

प्रश्न : माझं वय २४. जुलाब झाले म्हणून मेट्रोनिडाझोल ४०० दिवसातून तीनदा, पाच दिवस दिलंय. शनिवारी मित्राची पार्टी आहे, तिथे फक्त वाइन असेल, कडक काही नाही. गोळीनंतर किती तासांनी घेतली तर चालेल? (सातपूर)

उत्तर : तासांनी नाही, दिवसांनी. शेवटच्या गोळीनंतर पूर्ण तीन दिवस. टिनिडाझोलचंही तेच. आणि वाइनमधलं अल्कोहोल हे अल्कोहोलच असतं. नाशकात राहून आपल्याला वाइन म्हणजे फळांचा रस वाटायला लागला आहे, म्हणून हे लिहावं लागतं.

तू शिकलेला आहेस, तुला इंटरनेटवर उलटंही वाचायला मिळेल. २००२ मध्ये फिनलंडमध्ये १२ निरोगी पुरुषांवर अभ्यास झाला आणि त्यांत या गोळीवर दारू घेऊन काही त्रास झालेला दिसला नाही, हे खरं आहे. पण १२ धडधाकट माणसं म्हणजे सगळी माणसं नव्हेत. चेहरा लाल होणं, छाती धडधडणं, उलट्यांवर उलट्या, असं झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. माहितीपत्रकातली सूचना आजही कायम आहे. जुलाबाने आधीच अंगातलं पाणी गेलेलं असताना ही जोखीम घेऊ नकोस.

तुझ्या पत्रामुळे मला दुसरी एक गोष्ट सांगायची संधी मिळाली. काही महिन्यांपूर्वी एक आजी दुकानात आल्या. लेकीचं बाळंतपण झालेलं, टाके पडलेले. चिठ्ठीवर मेट्रोनिडाझोल होतं. गोळ्या घेतल्या आणि म्हणाल्या, "एक दशमूलारिष्टाची बाटली पण दे गं, दोन वेळा चार-चार चमचे द्यायचंय." मी बाटली फिरवून लेबल त्यांच्यापुढे धरलं. बारीक अक्षरांत छापलेलं असतं: सेल्फ जनरेटेड अल्कोहोल. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच तयार होतात, त्यामुळे त्यांत अल्कोहोल आपोआप तयार होतं, आणि साधारण पाच ते दहा टक्क्यांपर्यंत असतं. द्राक्षासव, कुमारीआसव, अशोकारिष्ट, सगळ्यांचं तेच. ज्या घरात दारूचा थेंब येत नाही, त्या घरातल्या बाळंतिणीला दिवसातून दोनदा ते मिळतं आणि कुणाला कल्पनाही नसते. मी आजींना बाटली दिली, पण गोळ्या संपल्यावर तीन दिवसांनी उघडायची असं झाकणावर पेनाने तारीख घालून दिली. काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं, लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : वडिलांना हृदयाचा कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेला आहे, रक्त पातळ करायला ॲसेनोकुमारॉल रोज घेतात. दाढेला पू झालाय. रक्त पातळ असणाऱ्यांना कुठली अँटिबायोटिक अगदी सुरक्षित असते ते सांगाल का? (नाशिक रोड)

उत्तर : अगदी सुरक्षित असं एकही नाही, म्हणून नाव देत नाही. त्याऐवजी माझ्याच घरात घडलेलं सांगते.

माझी आत्या. तिचाही व्हॉल्व्ह, तीच गोळी, आणि दाढेचंच दुखणं. २०११ ची गोष्ट. दाताच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल लिहून दिलं. दाढेच्या इन्फेक्शनला ही जोडी नेहमी देतात. चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडेच आली, कारण भाचीचं दुकान. गर्दीची वेळ होती. मी गोळ्या कापून दिल्या, जेवणानंतर घे म्हटलं, पैसे घेतले नाहीत. तिची ॲसेनोकुमारॉल दर महिन्याला माझ्याच दुकानातून जात होती, तिच्या डोसाची चिठ्ठीसुद्धा माझ्या ड्रॉवरमध्ये होती. तरी त्या क्षणी दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत.

सहाव्या दिवशी तिने फोन केला, दात घासताना रक्त थांबत नाही. मी गेले तर तिने पदर बाजूला करून दंड दाखवला. पिशवी अडकवली होती तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग. कुठे आपटली नव्हती, नुसत्या भाजीच्या पिशवीच्या बंदाने एवढं झालं होतं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, केला तर ८ च्या वर. तिचा दोन ते तीनच्या आसपास असायला हवा होता. ॲडमिट केलं, रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के दिलं, तीन दिवस मी तिच्या पलंगाशेजारी बसून होते. डोक्यात रक्तस्राव झाला नाही, ती बरी झाली, अजून दर दिवाळीला माझ्याकडे अनारसे घेऊन येते. मला ती कधी काही बोलली नाही. पण तो दंड मी विसरलेले नाही.

झालं असं होतं: मेट्रोनिडाझोल यकृतात या गोळीचा निचरा अडवतं. गोळी साठत जाते, रक्त आणखी पातळ होतं. कोट्रायमोक्सॅझोलही जवळपास तेवढंच वाईट. सिप्रो, क्लॅरिथ्रोमायसिन यांचीही भीती असते. आणि जी गोळी यकृताला छेडत नाही तीही निर्दोष नाही. दाढ दुखते म्हणून माणूस पालेभाजी-भाकरी सोडून पेजेवर येतो, त्यातून व्हिटॅमिन के कमी जातं. आतड्यातले जे जीवाणू थोडं व्हिटॅमिन के बनवतात त्यांनाही अँटिबायोटिक मारतं. म्हणून वडिलांच्या बाबतीत औषधाच्या नावापेक्षा महत्त्वाचं आहे आयएनआर. कोर्स सुरू झाल्यावर तीन ते पाच दिवसांनी एकदा तपासा, आणि संपल्यावर पुन्हा एकदा, कारण अँटिबायोटिक बंद झालं की आकडा उलट खाली येतो आणि व्हॉल्व्हवर गुठळी बसायचा धोका होतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. दाढ काढायच्या आधी दाताच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांचं फोनवर बोलणं घडवून आणा. तुम्हाला संकोच वाटला तरी ते कराच. शौचाला काळं झालं, लघवी लाल झाली, किंवा डोकं असह्य दुखायला लागलं तर रात्र असली तरी निघा.

त्या वर्षापासून माझ्या काउंटरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर एकच ओळ: "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" कुठलीही अँटिबायोटिक कापण्याआधी माझ्याकडची मुलं तो वाचून विचारतात, रांग कितीही असो.

प्रश्न : माझे मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. कंबरेच्या दुखण्याला टिझानिडिन असलेली गोळी चालू होती. मागच्या आठवड्यात पोट बिघडलं म्हणून घरात उरलेली सिप्रो घेतली. दोन तासांत मशीनजवळच चक्कर येऊन पडले. बीपी ८०/५० होतं. सगळे म्हणतात जुलाबाने अशक्तपणा आला. खरंच तसं असेल का? (सिडको)

उत्तर : वहिनी, जुलाबाचा थोडा हात असेल, पण हे त्या दोन गोळ्यांचं काम वाटतं. सिप्रो यकृतातलं जे एन्झाइम अडवतं, त्यावरच टिझानिडिनचा निचरा होतो. सिप्रो सोबत असली की टिझानिडिनचं प्रमाण जवळपास दहापट होतं. स्नायू सैल करणारी ती गोळी मग बीपीच खाली ओढते आणि गुंगी आणते. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नाहीत, असा स्पष्ट नियम आहे. मशीनमध्ये हात गेला नाही, हे नशीब समजा. कंबरेच्या गोळीत टिझानिडिन बहुधा दुसऱ्या एक-दोन औषधांबरोबर मिसळलेलं असतं, आणि नाव मागच्या बाजूला बारीक छापलेलं असतं, म्हणून लक्षात येत नाही.

ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. उरलेल्या गोळ्या घरात ठेवूच नका. आणि साध्या जुलाबांना बहुतेक वेळा सिप्रो लागतही नाही, ओआरएस लागतं. आता हे दोन्ही गोळ्यांचे रिकामे पाकीट घेऊन डॉक्टरांना भेटा, त्यांच्या कागदावर नोंद होऊ द्या. औषधाचा असा त्रास तुम्ही स्वतःही सरकारकडे नोंदवू शकता, त्यासाठी टोल-फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४.

प्रश्न : (पत्रावर नाव-पत्ता नाही) माझं वय २६. मानेत गाठी आल्या, टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांचा कोर्स चालू होऊन दीड महिना झाला. मला एक मुलगी आहे, इतक्यात दुसरं नको, म्हणून मी गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेते. टीबीच्या ताईंनी बाकी सगळं विचारलं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण सासूबाई सोबत होत्या. लघवी लाल होते आणि मधेच थोडं रक्त जातं. काळजी करण्यासारखं आहे का?

उत्तर : बाळ, लघवीचा नारिंगी-लाल रंग तुझ्या टीबीच्या कोर्समधल्या रिफॅम्पिसिन या औषधाचा आहे, त्याची अजिबात भीती नको. घाम, डोळ्यांतलं पाणीही तसं होतं.

पण मधेच रक्त जातं याकडे लक्ष दे. तुझी गर्भनिरोधक गोळी आत्ता काम करत नाही असं समजून चाल. रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की त्या गोळीतली संप्रेरकं भराभर नष्ट होतात. गोळी रोज घेतली, वेळेवर घेतली, तरी उपयोग नाही. मधेच रक्त जाणं ही त्याचीच खूण असू शकते, आणि गर्भ राहिल्याचीही असू शकते. म्हणून आधी घरच्या घरी लघवीची तपासणी कर, कुठल्याही मेडिकलमध्ये ते किट मिळतं, चिठ्ठी लागत नाही. संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळीसुद्धा रिफॅम्पिसिनपुढे कमी पडते, तिच्या भरवशावर राहू नकोस.

साधी अमॉक्सिसिलिन किंवा ॲझिथ्रोमायसिन चालू असती तर मी तुला एवढं लिहिलं नसतं. त्यांनी गर्भनिरोधक गोळी बिघडत नाही, फक्त उलट्या-जुलाब झाले तर काळजी घ्यायची. रिफॅम्पिसिनची गोष्ट वेगळी आहे, आणि कोर्स संपल्यावरही त्याचा परिणाम चार आठवडे राहतो.

तुला चालतील असे मार्ग आहेत. तांबीवर रिफॅम्पिसिनचा काही परिणाम होत नाही. गर्भाशयाचा किंवा ओटीपोटाचा टीबी नाही एवढं डॉक्टरांनी पाहायला हवं. तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शनही चालतं, सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. पुढच्या वेळी सासूबाई सोबत असतील तर टीबीच्या ताईंना म्हण, "मला आत येऊन वजन करायचंय," आणि आत गेल्यावर सांग. त्या ऐकतील. असं आत येऊन बोलणाऱ्या बायका त्यांना रोज भेटतात.

तुझ्या पत्रावर पत्ता नाही, म्हणून तुला कळवायला माझ्याकडे एवढंच पान आहे. तांबी की इंजेक्शन हे ठरेपर्यंत निरोध वापरा. आणि टीबीची गोळी एकही दिवस चुकवू नकोस, तपासणीचं उत्तर काहीही येवो. गर्भ राहिला असला तरी हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवता येतं.